सरकारी वकील कोणाचा?

पब्लिक प्रॉसिक्यूटर या पदाला हिंदीत लोक अभियोजक म्हणतात. मराठी माणूस मात्र त्याला सरकारी वकील म्हणतो. कोर्टाची पायरी कधीच न चढलेला तसे म्हणतो, आणि ती चढून चढून ज्याच्या वहाणा झिजल्या तोही तसेच म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे आणि तो चुकीचा आहे असेही म्हणवत नाही. कारण या वकिलाला नेमते सरकार आणि त्याचा मेहनताना देते तेही सरकारच. पण या भाषांतरात 'पब्लिक', म्हणजे लोक, वाटेत कोठेतरी गळून पडले. ज्याने आपल्या सर्वांच्या वतीने उभे राहायचे तो सरकारचा माणूस ठरला आणि आपण बाकावर बसून खटला पाहणारे झालो. नाटक-सिनेमावर लिहिणाऱ्याने शब्दांचा असा कीस काढीत बसू नये, असे कोणी म्हणेल. माझे मत वेगळे आहे. आपल्या रंगभूमीवर आणि पडद्यावर खटला ज्या रूपाने आला, त्याचे मर्म या गळालेल्या शब्दात आहे; आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्टेशनच्या रुळांवर जे दिसले, त्याचेही.

खटला कोणाच्या नावाने भरायचा हा प्रश्न दिसतो तितका रुक्ष नाही. १९०८ साली लोकमान्यांवर मुंबई हायकोर्टात जो खटला झाला तो बादशहाच्या नावाने. पुढे बादशहा गेला आणि आता कागदावर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असे येते. अमेरिकेत न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत त्याच ओळीत राज्याऐवजी 'लोक' हा शब्द असतो. संविधानाच्या पहिल्या वाक्यात आपल्याकडेही लोक आहेत. फौजदारी खटल्याच्या पहिल्या ओळीत ते नाहीत, एवढाच फरक.

याहून मागे जायचे तर कल्याणपलीकडे राहणाऱ्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातले. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. याच घराण्यात पुढच्या शतकात अपरादित्य नावाचा राजा झाला. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'अपरार्क' ही टीका त्याच्या नावावर आहे. या स्मृतिग्रंथांतला 'व्यवहार', म्हणजे न्यायाचे कामकाज, चार पायांवर उभे असते: फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय. मनूने तर राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने आपण होऊन वाद उभाच करू नये असे सांगून ठेवले आहे. ज्याचे नुकसान झाले त्याने दाराशी यावे. मग नंतरच्या शास्त्रकारांनी पुस्ती जोडली की, काही अपराध असे असतात की फिर्यादी कोणी आला नाही तरी राजाने त्यांत स्वतः लक्ष घालावे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सारी चर्चा सविस्तर दिली आहे. जिज्ञासूंनी ती तेथे पाहावी. दिवाळीच्या दिवसांत मी तिचा भार वाचकांवर टाकीत नाही. सांगायचे ते इतकेच की, त्या काळची पुस्ती आज मूळ ग्रंथ होऊन बसली आहे. आज खून किंवा अत्याचार झाला की ज्याचे दुःख तो साक्षीदार होतो, आणि खटला राज्याचा होतो. कारण असा अपराध एका घरापुरता नसून सगळ्यांविरुद्ध झालेला असतो, ही त्यामागची भूमिका. भूमिका मोठी उदात्त आहे. प्रश्न असा की, ती लोकांपर्यंत पोचली आहे काय?

एके काळी लोक प्रत्यक्ष कोर्टात बसत असत. टिळकांच्या १९०८च्या खटल्यात ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला. १९५९च्या नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक. पहिल्या कौलाने एका थोर माणसाला मंडालेस धाडले, दुसऱ्याने पिस्तूल झाडणाऱ्या माणसाला निर्दोष ठरवले आणि तो कौल पुढे हायकोर्टाने मानला नाही. म्हणजे ज्युरीचा कारभार काही सोन्याचा नव्हता. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. त्यानंतर कोर्टात लोकांचे म्हणून जे काही उरले ते एका माणसाच्या काळ्या कोटात. तो माणूस आपल्या लेखकांना कसा दिसला, हे पाहण्यासारखे आहे.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक रंगायनने १९६७ साली रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि लीला बेणारेंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. या नाटकावर इतके लिहून झाले आहे की आणखी काही लिहिणे म्हणजे भरल्या ताटात आणखी एक करंजी ठेवणे. बहुतेकांनी ते एका अविवाहित शिक्षिकेची समाजाने केलेली शिकार म्हणून वाचले, आणि ते वाचन खरेच आहे. मला मात्र ते अलीकडे फौजदारी कामकाजाचे नाटक म्हणून वाचावेसे वाटते. हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावी येतात. रात्रीचा त्यांचा ठरलेला आरोपी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रांचा. पण दुपार मोकळी आहे, आणि सामंत नावाच्या गावच्या भोळ्या माणसाला कोर्ट म्हणजे काय ते दाखवायचे आहे. तेव्हा गंमत म्हणून एक खटला उभा करायचा ठरतो. बेणारे बाई खोलीबाहेर गेलेल्या असताना त्यांना आरोपी नेमले जाते. आरोप भ्रूणहत्येचा.

या खटल्यात फिर्यादी कोण आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि नाटक पुन्हा चाळले. फिर्यादी कोणीच नाही! कोणाचे काही गेलेले नाही, कोणी दाद मागितलेली नाही. अपराधाची खबर नाही, तपास नाही. पहिल्या क्षणापासून थेट पिंजरा. लोकांच्या नावाने चाललेला हा शुद्ध खटला आहे, कारण त्यात लोकांखेरीज दुसरे कोणीच नाही. साक्षीदार ऐकीव गोष्टी सांगतात. सामंत तर हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि तो बाईंच्या आयुष्याला नेमका जाऊन भिडतो. न्यायाधीश झालेले काशीकर खुर्ची सोडून स्वतः साक्ष द्यायला उतरतात. आणि सुखात्मे! न चालणारा वकील म्हणून तेंडुलकरांनी हा गृहस्थ काय रंगवला आहे! फिर्यादी पक्षाचे काम संपले की हेच सुखात्मे जागा बदलून आरोपीचे वकील होतात. खांदे पाडतात, आवाज उतरवतात आणि हरण्यासाठीच बोलतात. एक माणूस, दोन खुर्च्या. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. कामकाजाचे नियम कशासाठी असतात हे कोणाला समजावून सांगायचे झाले, तर मी पुस्तकाऐवजी हा प्रवेश दाखवीन. दोन खुर्च्यांवर दोन वेगवेगळी माणसे बसली पाहिजेत आणि तिसऱ्याने खाली उतरता कामा नये, एवढ्यासाठीच तर ती सारी कलमे.

त्या काळी १८९८ची संहिता लागू होती. तिच्या ३४२व्या कलमान्वये, फिर्यादी पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीशाने आरोपीला स्वतः विचारावे लागे की, तुझ्याविरुद्ध हे हे आले आहे, यावर तुझे काय म्हणणे आहे. आरोपीला शपथ नसे, उलटतपासणी नसे. हेच कलम १९७३मध्ये ३१३वे झाले आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५१वे. बेणारे बाईंना काशीकर दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत रंगमंचावरचे सगळे थिजतात आणि बाई आपले सारे आयुष्य बोलून टाकतात. त्या स्वगताची आपल्याकडे अभिनयाची परीक्षा म्हणून वाखाणणी झाली. त्यात तेंडुलकर बाईंच्या तोंडून थोडे अधिकच वदवतात, आणि मधूनमधून ते पल्लेदार होते, असे माझे मत आहे. पण त्याची जागा अचूक आहे. तो ३४२व्या कलमाखालचा जबाब आहे. फक्त तो लिहून घेणारे कोणी नाही. आणि मग शिक्षा सुनावली जाते: पोटातले मूल नाहीसे करायचे. ज्या कृत्याचा आरोप, तेच कृत्य शिक्षा म्हणून! सबंध नाटकात याहून भयंकर वाक्य नाही, आणि ते किती सहजपणे उच्चारले जाते.

तेंडुलकरांच्या कोर्टात माणसे उदंड होती, पण कायद्याचा पत्ता नव्हता. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये उलट स्थिती आहे. हा सिनेमा २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १७ एप्रिल २०१५ रोजी तो आपल्याकडे लागला. नारायण कांबळे नावाचा वृद्ध लोकशाहीर. त्याच्या गाण्याने प्रवृत्त होऊन एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. हा कार्यकर्ता माणूस २०२१मध्ये करोनाने गेला. येथे सगळे काही नियमाप्रमाणे होते. खबर आहे, पंच आहेत, तारखा आहेत, कलमे वाचली जातात. पंच असा की तो इतरही खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला. कामगाराची विधवा साक्षीला येते आणि सांगते की नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. इतकी साधी साक्ष अलीकडे पडद्यावर मी पाहिलेली नाही. तिच्यात ना हुंदका, ना पार्श्वसंगीत. ती संपते आणि कारकून पुढचा कागद घेतो.

सरकारी वकील नूतन येथे गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केली आहे, आणि माझ्या या लेखाची खरी नायिका तीच. ती दुष्ट नाही. तिला शाहिराविषयी राग नाही, काहीच नाही. जुन्या कायद्यातले उतारे ती एका सुरात, श्वास न घेता वाचते. जणू किराण्याची यादी. मग लोकलच्या बायकांच्या डब्यात साडीच्या नि स्वयंपाकाच्या गप्पा, मुलाला पाळणाघरातून आणणे, घरी येऊन पोळ्या. कसाऱ्याला किंवा कर्जतला जाणारी गाडी पकडून रोज घर गाठणाऱ्या कोणाही बाईने हे पाहून मान डोलवावी, इतके हे ओळखीचे आहे. ही बाई लोकांच्या नावाने उभी आहे आणि ती स्वतः लोकांपैकीच आहे. तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिच्या गावीही नाही. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबाला घेऊन नाटकाला जाते. परप्रांतीय होऊ घातलेल्या जावयाला घराबाहेर काढणारे ते नाटक. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते आणि तीही टाळ्या वाजवते. हा प्रवेश मला थोडा हिशेबी वाटला. नूतनच्या कोरडेपणाचे कारण तिच्या पूर्वग्रहात दाखवून दिग्दर्शकाने आपले काम सोपे करून घेतले. तो कोरडेपणा कारणावाचूनच अधिक बोचला असता. तसेच शेवटचे. कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. तेथे सिनेमा संपला असता तर बरे झाले असते. पुढचा न्यायाधीशांच्या सहलीचा भाग चांगला आहे, पण तो जे सांगतो ते त्या अंधाराने सांगून झालेले होते.

सरकारी वकिलाचे काम आरोपीला कसेही करून शिक्षा मिळवून देणे हे नाही. हाती आलेले सत्य, मग ते आरोपीच्या बाजूचे का असेना, कोर्टापुढे ठेवणे हे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. १९७३च्या संहितेने पोलिस आणि सरकारी वकील यांची फारकत केली तीही याच हेतूने. तोवर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात पोलिस अधिकारीच फिर्यादी पक्षाचे काम चालवीत. पण कायद्याने केलेली ही फारकत आपल्या मनात कितपत झाली आहे? मार्च २०१५मध्ये, म्हणजे 'कोर्ट' लागण्याच्या महिनाभर आधी, उज्ज्वल निकम यांनी जयपूरला सांगितले की, कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट खरी नव्हती. त्याच्याविषयी भावनेची लाट निर्माण होऊ लागली होती, ती मोडण्यासाठी आपणच ती रचली. निकम हे कर्तबगार वकील. १९९३च्या बाँबस्फोटांच्या आणि २६/११च्या खटल्यांत त्यांनी केलेले काम कोणी नाकारणार नाही. कसाबविरुद्धचा पुरावा बिर्याणीवर अवलंबून नव्हता, तो डोंगराएवढा होता. मग ही गोष्ट कोणासाठी रचली गेली? न्यायाधीशांसाठी नक्कीच नाही. ती कोर्टाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी होती; म्हणजे आपल्यासाठी. आणि आपण ती वर्षानुवर्षे चवीने सांगत राहिलो. लोकांना खटला हवा असतो तो असा, नाटकासारखा, हे त्या चतुर वकिलाने ओळखले होते. टीकाकार म्हणून मला त्यात सुखात्म्यांची आठवण होते; फरक इतकाच की सुखात्म्यांना यश नव्हते.

त्याच वर्षी २० फेब्रुवारीला श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' हा हिंदी सिनेमा लागला होता. आमच्या बाजूला या नावाने करमणूक झाली. मुसाफिर आणि लष्कर यांचे घोडे येथे बदलले जात म्हणून हे बदलापूर, अशी गावातली जुनी समजूत. मराठीत बदलणे म्हणजे एक ठेवून दुसरे घेणे. हिंदीत बदला म्हणजे सूड. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही लागोपाठची तीन स्टेशने. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चार भाषा ऐकू येतात, आणि त्या दोन अर्थांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे डब्यात शेजारी कोण बसला आहे त्यावर ठरते. सिनेमाने सुडाचा अर्थ घेतला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी पुढची दोन-तीन वाक्ये सोडावीत. रघूची बायको आणि मूल दरोडेखोरांच्या पळापळीत मारले जातात. एक चोर, लायक, तुरुंगात जातो. रघू बदलापूरला येऊन पंधरा वर्षे वाट पाहतो. शेवटी तो चोराच्या साथीदाराला आणि त्याच्या बायकोला मारतो, आणि मरणाच्या दारात असलेला लायक ते खून आपल्या अंगावर घेतो. म्हणजे राज्याच्या दप्तरी एका खुनाचे उत्तर चुकीचे, दुसऱ्याचेही चुकीचे, आणि दोन्ही प्रकरणे निकालात! वरुण धवनचा रघू अखेरीस नवाजुद्दीनच्या चोरापेक्षा हलका ठरतो. सिनेमा आपल्या नावाहून पुष्कळ शहाणा आहे. सुडाची हाव दाखवत दाखवत तो सुडाला नागवा करतो. पण नाव सर्वांच्या तोंडी राहिले, शहाणपण राहिले नाही.

आता ऑगस्ट २०२४. त्याआधी सहा महिने, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाईन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्याच दालनात, एका विद्यमान आमदाराने दुसऱ्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा प्रकार घडला. दोघे सत्तेतल्याच पक्षांचे. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य घरोघरी पाहिले गेले आणि आमदाराला अटक झाली. जेथे खबर लिहायची त्या खोलीतच हे घडले. अशा वातावरणात बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार लिहून घ्यायला बारा तासांच्या आसपास लागले, असा पालकांचा आक्षेप होता. गुन्हा नोंदला गेला १६ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सफाई कामगाराला अटक झाली. घटना न कळवल्याबद्दल पुढे शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला.

बालकांवरील अत्याचारांबाबतचा २०१२चा कायदा वाचला तर तो एखाद्या आजीने लिहावा तसा आहे. जबाब मुलीच्या घरी जाऊन घ्या, घेणारी शक्यतो स्त्री अधिकारी असावी, तिने गणवेश घालू नये, कोर्टात मुलीला पुन्हापुन्हा बोलावू नये, दरडावून प्रश्न करू नयेत, आरोपी तिच्या नजरेस पडू देऊ नये, खटला शक्यतो वर्षात संपवावा. घटना कळूनही जो ती कळवणार नाही तोही गुन्हेगार. हे नियम मुलीच्या बाजूचे आहेत. २० ऑगस्टला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हजारो माणसांनी बदलापूरला गाड्या रोखून धरल्या. तो राग खरा होता, आणि ठाण्यातल्या त्या बारा तासांना ते उत्तर होते. पण मागणी काय होती? आरोपीला आजच्या आज फाशी द्या, नाही तर आमच्या ताब्यात द्या. रुळांवर उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणालाही असे वाटत नव्हते की हा खटला आपल्याच नावाने चालायचा आहे. खटला सरकारचा, वकील सरकारचा; आपल्या वाट्याला गर्दी. सरकारने त्याच दिवशी उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमण्याची घोषणा केली. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी सत्तारूढ पक्षाच्या तिकिटावर लोकसभेची निवडणूक लढवलेली असल्यामुळे विरोधकांनी आक्षेप घेतला. आक्षेपामागचा प्रश्न, वकील कोणाचा, हा पक्षीय भांडणात हरवून गेला.

२३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीत तो आरोपी गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला म्हणून प्रत्युत्तर द्यावे लागले, असे पोलिस म्हणाले. पेढे वाटले गेले. मुंबईत फलक लागले: तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हाती बंदूक असलेले चित्र आणि वर दोन शब्द, 'बदला पुरा'. गावाच्या नावाचा हिंदी अर्थ अखेर भिंतीवर चढला. मृत माणसावर खटला चालत नाही. त्याच्यापुरते प्रकरण तेथे बंद. दोन मुलींनी जे सांगितले होते ते त्याच्याविरुद्ध कोर्टात तपासले जाऊन, एका निकालपत्रात 'हे असे घडले' म्हणून लिहिले जाण्याची वाट त्या दिवशी बुजली. पेढे वाटणाऱ्यांच्या ते लक्षात आले असेल असे वाटत नाही.

पुढचा भाग गर्दी ओसरल्यानंतरचा. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी मॅजिस्ट्रेटने करायची, असा कायदा आहे. तो अहवाल जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टापुढे आला आणि त्यात पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरलेले होते. अर्ज होता मृताच्या बापाचा. फेब्रुवारीत त्या आई-बापांनी कोर्टाला सांगितले की आम्हांला हे पुढे चालवायचे नाही. मनूच्या हिशेबाने वाद तेथेच मिटला. फिर्यादी निघून गेला. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी मात्र मंजुळा राव यांना न्यायमित्र नेमून सुनावणी चालू ठेवली, आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. या सुनावणीत गुन्हा नोंदवण्याला विरोध करणारा पक्षकार होता महाराष्ट्र राज्य. ज्याच्या नावाने खटले भरायचे तेच नाव! ज्याच्यासाठी गावात कोणी अश्रू ढाळले नसते अशा माणसाच्या मृत्यूचा जाब, त्याचे आई-बापही बाजूला झाल्यावर, विचारला जात होता. सर्वांच्या वतीने म्हणजे काय, हे मला तेथे दिसले. रुळांवर दिसले नव्हते.

या साऱ्यावर मराठीत उद्या कोणीतरी नाटक लिहील, आणि मला धास्ती वाटते की ते रुळांवरच्या गर्दीचे नाहीतर गाडीतल्या गोळीबाराचे असेल. दोन्ही प्रवेश उत्तम वठतील आणि दोन्हींना टाळ्या पडतील. नाटककाराने मला विचारले तर मी त्याला तिसरी जागा सुचवीन. पोलिस ठाण्याची खोली. ठाणे अंमलदाराचे टेबल, वर नवी संहिता, अजून कोरी. लागू होऊन दीड महिनाच झालेला. समोरच्या बाकावर एक बाई. टेबलामागचा माणूस आत जातो, बाहेर येतो, फोन घेतो, चहा मागवतो. भिंतीवरचे घड्याळ चालते आहे. बाई उठून काही सांगू लागते आणि तिला पुन्हा बसायला सांगितले जाते. पहिला अंक एवढाच, आणि तो संपेपर्यंत कागदावर एकही अक्षर उमटता कामा नये.